आधी कोण ऐकतं?

मार्च २०१४. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथं जमलेल्या ‘वुल्फपेक’ या फंक बँडनं स्पॉटिफायवर एक अल्बम चढवला. नाव ‘स्लीपिफाय’. दहा ट्रॅक, प्रत्येक जेमतेम एकतीस-बत्तीस सेकंदांचा, आणि दहांपैकी एकातही सूर नाही की ठोका नाही. निव्वळ शांतता. बँडचा म्होरक्या जॅक स्ट्रॅटन यानं चाहत्यांना सांगितलं, की रात्री झोपताना हा अल्बम लावा, तो पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी सोय करा आणि निवांत झोपा. येतील त्या पैशांतून आम्ही दौरा काढू, आणि त्या दौऱ्यात कुणालाही तिकीट पडणार नाही.

एप्रिल संपता संपता स्पॉटिफायनं अल्बम काढून टाकला. पण तोवर बँडच्या नावावर सुमारे २०,००० डॉलर जमले होते आणि ते त्यांना मिळालेही. त्याच वर्षी दौरा निघाला. लोकांनी तो खरोखरच फुकट ऐकला.

ही युक्ती कळायला स्पॉटिफाय मोजतं कसं, ते पाहायला हवं. गाणं ३० सेकंद वाजलं की एक ‘स्ट्रीम’ नोंदला जातो. २९व्या सेकंदाला बंद केलं तर काहीच नाही. म्हणून ट्रॅक एकतीस-बत्तीस सेकंदांचे. आठ तासांची झोप म्हणजे २८,८०० सेकंद. तेवढ्या वेळात एक फोन नऊशेच्या आसपास स्ट्रीम नोंदवतो. एका स्ट्रीममागं अर्धा सेंट धरला, तरी एका झोपलेल्या माणसामागं एका रात्रीत साडेचार डॉलरच्या घरात रक्कम जाते. जागेपणी मन लावून ऐकणाऱ्या रसिकानं दिवसभर तोच बँड लावला असता, तरी पूर्ण लांबीच्या गाण्यांतून एवढे पैसे झाले नसते.

अर्धा सेंट हा मी हिशेबासाठी धरलेला आकडा, ठरलेला भाव नव्हे. तसा भाव नसतोच. महिनाभरात वर्गणीतून आणि जाहिरातींतून जे पैसे जमतात, त्यांतला हिस्सा हक्कधारकांसाठी बाजूला निघतो आणि त्या बाजारपेठेतल्या एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढी रक्कम त्याला जाते. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे पुष्कळ, त्यामुळं इथल्या एका स्ट्रीममागं हाती येणारे पैसे अमेरिकेच्या मानानं फारच थोडे. २०२४ पासून नियम आणखी आवळले गेले. मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेलं गाणं मोबदल्याच्या हिशेबातच येत नाही. पावसाचा आवाज, यंत्रांची घरघर, शांतता अशा ट्रॅकना किमान दोन मिनिटांची अट लागली. वुल्फपेकनं शोधलेली फट आता बुजलेली आहे.

पण मला या प्रकरणात थक्क करतात ती माणसं. रात्रभर फोन चालू ठेवायला, दुसऱ्या कुणाचा तरी दौरा व्हावा म्हणून शांतता वाजवायला हजारो माणसं तयार झाली. ती आली कुठून? बँडमागं मोठी कंपनी नव्हती. २०११ पासून हे लोक एका खोलीत एकत्र बसून वाजवायचे, तेच रेकॉर्ड करायचे आणि त्याचा साधासा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचे. ज्यो डार्टचं बेस गिटार ऐकून जगभरातल्या बेस वाजवणाऱ्या पोरांचे कान टवकारले. त्या पोरांनी दुसऱ्या वाजवणाऱ्या पोरांना ते दाखवलं. आधी वादक आले, मग वादकांचे मित्र, मग बाकीची दुनिया. सप्टेंबर २०१९ मध्ये हाच बँड न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजला आणि सगळी तिकिटं संपली होती.

कमी पैशात गाणं लोकांपर्यंत न्यायचं तर सगळ्यात मोठा प्रश्न किती जणांनी ऐकलं हा नसतो. आधी कुणी ऐकलं, हा असतो. माझं हे म्हणणं नुसत्या अंदाजावर उभं नाही. त्यामागं एक विलक्षण प्रयोग आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक निबंध छापून आला. तिघंही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले. त्यांनी इंटरनेटवर एक छोटा संगीतबाजार उभा केला होता. त्यात ४८ गाणी, सगळी अनोळखी बँडची. येणाऱ्यानं गाणं ऐकायचं, त्याला एक ते पाच तारे द्यायचे आणि आवडलं तर फुकट उतरवून घ्यायचं. एकूण १४,३४१ जण आले, बहुतेक तरुण पोरं. आपल्यावर प्रयोगात नेमकं काय पाहिलं जातंय, याची त्यांना कल्पना नव्हती.

आलेल्यांपैकी काहींना फक्त बँडचं आणि गाण्याचं नाव दिसे. बाकीच्यांना शास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं आठ वेगवेगळ्या जगांत वाटून दिलं. या आठ जगांत प्रत्येक गाण्यापुढं एक आकडा दिसायचा: आपल्या जगातल्या किती जणांनी हे आधी उतरवून घेतलं. एका जगातला आकडा दुसऱ्या जगाला कळायचा नाही. आठही जगांची सुरुवात शून्यापासून झाली, गाणी तीच, रेकॉर्डिंग तेच, ऐकणारेही सरासरीनं सारख्याच वयाचे आणि आवडीचे. इतिहास आठ वेळा नव्यानं घडवून पाहायची संधी माणसाला सहसा मिळत नाही. इथं ती मिळाली.

आठही वेळा इतिहास वेगळा घडला. ‘५२ मेट्रो’ या बँडचं ‘लॉकडाऊन’ नावाचं गाणं होतं. ज्यांना आकडे दिसत नव्हते त्यांच्या पसंतीनुसार ते २६वं, म्हणजे ४८ मध्ये अगदी मधलं. आठांपैकी एका जगात ते पहिलं आलं. दुसऱ्या एका जगात ४०वं. एकाही स्वराचा फरक नव्हता. फरक एवढाच, की एका जगात सुरुवातीला आलेल्या मूठभर लोकांनी ते उचललं, त्यांच्यामुळं आकडा वाढला, आकडा पाहून पुढच्यांनी आधी तेच लावलं, आणि लावल्यावर त्यांतल्या काहींना आवडलंही. दुसऱ्या जगात सुरुवातीला आलेले दुसरंच काही ऐकत बसले. शास्त्रज्ञांनी पुढं गाणी आकड्याच्या उतरत्या क्रमानं लावून पाहिली, तेव्हा तर वरचे आणखी वर गेले आणि खालचे आणखी खाली. आपण रोज उघडतो ती बहुतेक ॲप या दुसऱ्या पद्धतीनं मांडलेली असतात.

गाण्याचा दर्जा निरर्थक आहे, असं यातून निघत नाही. अगदी सरस गाणी क्वचितच तळाला गेली, अगदी सुमार गाणी क्वचितच वर आली. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि आपल्यातले बहुतेक बँड, बहुतेक गायक, अगदी चांगले गायकसुद्धा, या मधल्या पट्ट्यातच असतात. एखादं गोड मराठी गाणं तीनशे जणांपर्यंत जाऊन थांबतं, आणि त्याच तोलाचं दुसरं गाणं दर लग्नात वाजतं. या प्रयोगानंतर मला त्या पहिल्या गाण्याच्या कवी-संगीतकारांबद्दल फार वाटतं. त्यांच्या गाण्यात काही उणं होतं, असं आता कुणाला ठामपणानं म्हणता येणार नाही.

मग साहजिकच कुणाच्याही मनात येईल, की सुरुवातीचा आकडा आपणच फुगवला तर? बाजारात असे आकडे विकत मिळतात. अमुक रुपयांत दहा हजार व्ह्यूज, तमुक रुपयांत पाच हजार फॉलोअर. सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी हेही करून पाहिलं. त्याचा निबंध २००८ मध्ये आला. त्यांनी चालू प्रयोगात मध्येच यादी उलटी केली. सगळ्यात नावडत्या गाण्याला सगळ्यात मोठा आकडा, आवडत्याला सगळ्यात छोटा. खोट्या आकड्यांचा परिणाम झाला. खालची कित्येक गाणी त्या उसन्या लोकप्रियतेवर तरंगत राहिली. पण अगदी सरस गाणी हळूहळू पुन्हा वर सरकू लागली. आणि सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे एकूण बाजारच मंदावला. लोकांनी एकंदरीतच कमी गाणी उतरवली. वर दिसणारं गाणं लावून पाहिलं, ते भावलं नाही, की माणूस पुढचं लावायच्या भानगडीत न पडता निघून जातो.

आजच्या ॲपमध्ये विकतच्या आकड्यांचा तोटा याहून मोठा आहे. आपल्याला पुढचं गाणं सुचवणारं यंत्र गाणं समजून घेतं ते मुख्यतः शेजारावरून. गाण्याचा आवाजही ते तपासतं, त्याच्याबद्दल काय लिहिलं गेलं तेही पाहतं, पण त्याचा मोठा आधार असतो तो एवढाच, की हे गाणं ऐकणारे आणखी काय ऐकतात. स्पॉटिफायची ‘डिस्कव्हर वीकली’ ही दर सोमवारी येणारी तीस गाण्यांची यादी २०१५ मध्ये सुरू झाली ती याच पायावर. ज्यांच्या आवडी तुमच्याशी जुळतात, त्यांनी ऐकलेलं आणि तुम्ही न ऐकलेलं असं काही तुमच्यापुढं ठेवायचं. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या ऐकण्यातून यंत्र असा एक अदृश्य नकाशा आखतं, ज्यावर प्रत्येक गाण्याला एक पत्ता असतो. तो पत्ता कुणी अधिकारी देत नाही, ऐकणारे देतात.

आता विकत घेतलेले स्ट्रीम म्हणजे काय, ते पाहा. ती माणसं नसतातच. एका खोलीत ठेवलेले फोन किंवा एखादा प्रोग्राम, जो सकाळी तुर्की पॉप वाजवतो, दुपारी झोपेचं संगीत आणि रात्री तुमचं मराठी रॉक. यंत्राच्या लेखी तुमचं गाणं आता त्या सगळ्यांच्या शेजारी राहायला गेलं. ते तिथल्या लोकांना सुचवलं जातं, ते लोक दहाव्या सेकंदाला पुढं जातात आणि यंत्र शिकतं की हे गाणं लोकांना नको आहे. शिवाय चोरी पकडली गेली तर स्ट्रीम वजा होतात, वितरकाला दंड लागतो आणि वितरक तो तुमच्याकडून वसूल करतो.

याच तर्कानं एक प्रेमळ चूकही घडते. गाणं आलं की आपण लिंक घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर टाकतो. मावशी कौतुकानं ऐकतात, काका ऐकतात. पण मावशींच्या फोनवर एरवी अभंग आणि भावगीतं वाजतात, आणि तुम्ही वाजवता हेवी मेटल. पहिले दोनशे श्रोते असे असले तर तुमचा पत्ता भलत्याच आळीत पडतो. मावशींना गाणं जरूर ऐकवावं, पण घरी बसून, स्पीकरवर. पहिल्या आठवड्यात लिंक जावी ती तुमच्यासारखंच संगीत ऐकणाऱ्यांकडं.

हे पहिले श्रोते नेमके कुठं असतात, हे आपल्याकडच्या लोकांना इंटरनेटच्या फार आधीपासून ठाऊक होतं. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटींची दुकानं लागत. गावोगावहून आलेली माणसं परतताना पुस्तकाबरोबर कॅसेट घेऊन जात आणि गावात लाउडस्पीकरवर लावत. रेडिओनं आणि मोठ्या कंपन्यांनी ज्यांची फारशी दखल घेतली नाही, अशा कितीतरी गायकांचा आवाज याच वाटेनं घराघरांत गेला. ज्या माणसांसाठी गाणं आहे ती सगळी एका दिवशी एका मैदानावर येतात, आणि गाणं तिथं हजर असतं. प्रसिद्धीची यापेक्षा नेमकी रचना मला दुसरी दिसलेली नाही. पुढं त्याच दुकानांत कॅसेटींची जागा सीडींनी घेतली आणि आता तीच गाणी यूट्यूबवर आहेत.

मुंबईच्या कुर्ल्यातला रॅपर नावेद शेख, म्हणजे नेझी, यानं जानेवारी २०१४ मध्ये जे केलं ते याच जातीचं होतं. त्याच्याकडं एक आयपॅड होता, वडिलांनी दिलेला. इंटरनेटवरून एक तयार बीट उतरवला, त्यावर आयपॅडमध्येच आवाज रेकॉर्ड केला, त्याच आयपॅडवर आपल्या वस्तीत व्हिडिओ चित्रित केला आणि त्यावरच जोडकामही केलं. गाण्याचं नाव ‘आफत’. हा व्हिडिओ आजही पाहावा. चित्र हलतं, उजेड जिथं जसा होता तसा आहे. पण एकेका चौकटीत गल्ली भरलेली आहे, आणि रॅपची भाषा तिथं बोलली जाते तीच आहे. मुंबईत हिपहॉप आधीपासून होतं, त्यात इंग्रजीचा भरणा मोठा होता. इथं एक पोरगा ज्या गल्लीतून बोलत होता, त्याच गल्लीला ऐकवत होता. गल्लीनं ते आधी उचललं. त्याच वर्षी त्याच्यावर ‘बॉम्बे ७०’ हा माहितीपट झाला. नाव कुर्ल्याच्या पिनकोडवरून. २०१५ मध्ये रॅपर डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’ आलं, आणि या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये. या साखळीची पहिली कडी एक आयपॅड होता, जो घरात आधीच पडलेला होता.

दुसरं उदाहरण शिकागोच्या ‘ओके गो’चं. जुलै २००६ अखेरीस, यूट्यूब जेमतेम दीड वर्षाचं असताना, या चौघांनी ‘हिअर इट गोज अगेन’चा व्हिडिओ टाकला. आठ ट्रेडमिल, एकाच जागी उभा कॅमेरा, एकही कट नाही, आणि त्या चालत्या पट्ट्यांवर चौघांचा नाच. नाच बसवला होता गायक डेमियन कुलाशच्या बहिणीनं, ट्रिश सी हिनं. पुढच्या वर्षी या व्हिडिओला ग्रॅमी मिळालं. त्याआधीच्या एका गाण्यावर ते घरामागच्या अंगणात नाचले होते, आणि लोकांनी तो नाच स्वतः शिकून आपापले व्हिडिओ टाकले. मला यातली मेख इथं दिसते. पाहणाऱ्याला काहीतरी करण्याजोगं दिलं, की तो नुसता पाहणारा राहत नाही. वुल्फपेकच्या चाहत्यांना झोपायचं काम होतं, ओके गोच्या चाहत्यांना नाचायचं. गाण्याचे पहिले वाहक असेच तयार होतात.

ही वाट बंद केली की काय होतं, तेही याच बँडच्या बाबतीत दिसलं. त्यांच्या कंपनीनं, ईएमआयनं, यूट्यूबचे व्हिडिओ इतर साइटवर लावायची सोय बंद केली. कंपनीला दर पाहण्यामागं मिळणारे पैसे तिथून मिळत नव्हते. कुलाशनं २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहून सांगितलं, की त्यानंतर ट्रेडमिलच्या व्हिडिओचं रोजचं पाहणं नव्वद टक्क्यांनी घसरलं. त्याच वर्षी बँड कंपनीतून बाहेर पडला.

आता आणखी एक नवलाची गोष्ट, जी आज कुणालाही फुकट मिळते. यूट्यूबवर आपलं चॅनल असलं, की प्रत्येक व्हिडिओच्या आकडेवारीत एक आलेख दिसतो: कितव्या सेकंदाला किती जण अजून पाहताहेत. रेघ डावीकडं शंभर टक्क्यांवर सुरू होते आणि उजवीकडं उतरत जाते. पण ती सरळ उतरत नाही. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत एक कडा असतो, तिथं पुष्कळ जण गळतात. मध्येच एखाद्या ठिकाणी रेघ वर उचललेली दिसते. तो चढ म्हणजे बहुधा लोकांनी मागं जाऊन ती जागा पुन्हा ऐकली. ढोलकीचा एखादा तुकडा, एखादी तान, एखादी ओळ. मैफलीत ‘वाहवा’ कुठं आली, हे गायकाला समोर दिसतं. घराघरांत एकेकट्यानं ऐकणाऱ्यांची ‘वाहवा’ सेकंदासह दिसणं, हे याआधी संगीताच्या इतिहासात कधी झालेलं नाही. मला हा आलेख पाहताना प्रत्येक वेळी भरून येतं.

त्याचा उपयोग सरळ आहे. जिथं रेघ वर उचलली, ते पंधरा-वीस सेकंद कापून रील करायचं. बहुतेक जण रीलसाठी मुखडा कापतात, कारण त्यांना तो महत्त्वाचा वाटतो. ऐकणाऱ्यांनी मात्र भलतीच जागा निवडलेली असते. इथं एक सावधगिरी. ह्युबर्ट लेव्हेये गोवँ या संशोधकानं १९८६ ते २०१५ या काळातली अमेरिकेतली गाजलेली गाणी तपासली, तेव्हा सुरुवातीचा वाद्यांचा भाग सरासरी वीसहून अधिक सेकंदांवरून पाचेक सेकंदांवर आलेला आढळला. त्या कड्याच्या भीतीनं कुणी आपल्या गाण्यातला आलाप कापू नये, असं मला कळकळीनं वाटतं. रील तोकडं असू दे, गाणं पूर्ण असू दे. आलापासाठी येणारा माणूस आलापापाशीच थांबतो, आणि तोच तुमचा पहिला श्रोता व्हायला हवा.

सांगलीतल्या चार पोरांच्या एखाद्या बँडकडं पाच हजार रुपये आहेत, असं धरू. ड्रोनवर आणि झगमगीत व्हिडिओवर ते घालवू नयेत. फोनचा कॅमेरा पुरतो, आवाज मात्र स्वच्छ हवा; म्हणून पैशाचा मोठा भाग एका बऱ्या माइकवर किंवा मिक्सिंग करून देणाऱ्या जाणकारावर जावा. गाणं ॲपवर चढवण्यासाठी वितरक लागतो. काही वितरक वर्षाची ठरावीक फी घेतात, काही फुकट चढवून उत्पन्नात वाटा घेतात. सुरुवातीला दुसरा प्रकार बरा. तिथंच गाण्याला आयएसआरसी नावाची बारा अक्षर-अंकांची खूण मिळते, जिच्यावरून जगात कुठंही वाजलेलं ते रेकॉर्डिंग ओळखलं जातं. नाव सगळीकडं एकाच स्पेलिंगनं लिहावं, नाहीतर बँडची दोन-तीन अर्धवट पानं तयार होतात. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडायला विसरू नये. कवी आणि संगीतकारानं आयपीआरएस या हक्कसंस्थेचं सदस्यत्व घ्यावं, म्हणजे शब्द-सुरांचा मोबदला वेगळा येतो.

स्पॉटिफायच्या संपादकांपुढं गाणं ठेवायची सोय कलाकारांच्या ॲपमध्ये आहे आणि ती फुकट आहे. प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते ठेवलं, तर संपादकांनी निवडलं नाही तरी ते तुमच्या फॉलोअरच्या शुक्रवारच्या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. कितीतरी जण रात्री मिक्सिंग संपवून सकाळी गाणं टाकतात आणि ही संधी घालवतात.

उरलेल्या पैशांतून इन्स्टाग्रामवर दिवसाला शे-दीडशे रुपयांची जाहिरात आठ-दहा दिवस चालवावी. पण ती ‘महाराष्ट्रातले १८ ते ३५ वयाचे सगळे’ अशी सोडू नये. आपल्याच वळणाच्या दोन-तीन बँडमध्ये, त्या प्रकारच्या संगीतात ज्यांना रस आहे, अशा चार शहरांतल्या लोकांपुरती ठेवावी. व्ह्यूज कमी दिसतील. पण येतील ते योग्य आळीतले असतील. त्यांतल्या जो कुणी दोन ओळी लिहील त्याला उत्तर द्यावं, नाव लक्षात ठेवावं, पुढचं गाणं आधी त्याला पाठवावं. २००८ मध्ये लेखक केविन केली यानं मांडलेलं हजार पक्क्या चाहत्यांचं गणित प्रसिद्ध आहे: हजार जणांनी वर्षाला शंभर डॉलर दिले की कलाकाराचा संसार चालतो. मला हजारांपेक्षा पहिले पन्नास महत्त्वाचे वाटतात. सॅल्गानिकच्या आठ जगांतही पुढचा सगळा खेळ अशाच थोड्या लोकांनी ठरवला होता.

आणि ते पन्नास जण आपल्या गावातच असतील असं नाही. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ची सुरुवात २०१६ मध्ये झाली. करण कटियार वकिलीची नोकरी सोडून घरात बसून गाणी करत होता, गळा जयंत भादुलाचा. चालू हिंदी-पंजाबी गाण्यांना मेटलचा पोशाख चढवून ते यूट्यूबवर टाकायचे. २०१८ मध्ये दलेर मेहंदीच्या ‘तुनक तुनक तुन’चं त्यांनी केलेलं रूप गाजलं. पुढं रॅपर राउल केर आला, ढोल आला, स्वतःची गाणी आली. दिल्लीत मेटल ऐकणारे मोजके होते. यूट्यूब मात्र त्यांना जर्मनीत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये पोचवत होतं, कारण मेटलची खरी आळी तिथं आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात ते युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि जर्मनीच्या वाकन गावी भरणाऱ्या मेटल महोत्सवात वाजले. ढोल ऐकून उड्या मारणाऱ्या त्या गर्दीतल्या बहुतेकांना गाण्यातली हिंदी-पंजाबी कळत नव्हती.

आपले श्रोते कोणत्या शहरात आहेत, हे स्पॉटिफाय आणि यूट्यूब दोन्ही कलाकाराला यादी करून दाखवतात. पहिल्या क्रमांकावर बहुधा पुणे किंवा मुंबई असेल, त्याकडं दुर्लक्ष करावं. तिथं सगळ्यांचेच श्रोते असतात. खाली तिसऱ्या-पाचव्या जागी एखादं अनपेक्षित नाव दिसतं: इंदूर, बेळगाव, मडगाव, टोरोंटो. तिथं साठ-सत्तर जण आपल्याला ऐकत असतील. त्यांना विचारावं, की तुमच्याकडं वीस-पंचवीस जण बसतील अशी जागा आहे का. इंदूरला पुण्याहून रात्रीची गाडी आहे, बेळगाव तर सांगलीच्या पोरांना काही तासांवर.